रडवणाऱ्या नाटकावरची बंदी

रत्नगडच्या राजेसाहेबांनी शोकांतिकांवर बंदी घातली. “रडून प्रजा दुबळी होते,” असं त्यांचं म्हणणं. गावात आलेल्या नाटकमंडळीने आजच गाव सोडावं, असा हुकूम सुटला.

मंडळीच्या मालकीण सुभद्राबाई दरबारात आल्या. “महाराज, काल मुलाच्या मृत्यूच्या प्रवेशाला आपणही रडलात.”



“रडलो,” राजेसाहेब म्हणाले. “आमचे बाळराजे गेले तेव्हाही रडलो नव्हतो.”

“मग काल रात्री झोप लागली?”

“वर्षभरात पहिल्यांदा गाढ लागली.”

“आता सांगा, आपण दुबळे झालात का? झाला असाल, तर हा हुकूम दुबळ्या मनाने दिलेला. नसाल, तर बंदीचं कारणच उरत नाही.”

राजेसाहेब खळखळून हसले. मग हळूच म्हणाले, “आज पुन्हा तेच नाटक लावा. राणीसाहेबांना घेऊन येतो. त्याही अजून रडलेल्या नाहीत.”