पिटकीचं झाकण यंत्राच्या जबड्यात

एक होती चिचुंद्री. नाव तिचं पिटकी.
पिटकी राहायची झाकणांच्या कारखान्यात, भिंतीतल्या बिळात. तिला एकच नाद. बाटल्यांची जुनी झाकणं जमवायची. नवी नकोत. नव्या झाकणांच्या आत प्लॅस्टिक. पिटकी नाक मुरडायची.

जुनी झाकणं कशी व्हायची? पत्र्यावर चित्र छापायचं. पत्रा यंत्रात घालायचा. यंत्र करायचं ठप्प. पडायचं गोल झाकण, कडेला बारीक बारीक दाते. मग कारखान्यातल्या हौसाकाकू आत बुचाची चकती बसवायच्या. झालं झाकण.

पिटकीकडे एक झाकण होतं, निळ्या घोड्याचं. काकू नवी नवरी होत्या तेव्हाचं. तसं दुसरं कुठ्ठे नव्हतं. पिटकी ते रोज पुसायची.

एकदा पुसता पुसता झाकण सुटलं. टण्ण. गर्र गर्र गर्र. गेलं ते थेट यंत्राच्या जबड्यात. फटीत अडकून बसलं.
पिटकीने ओढलं. निघेना. ढकललं. निघेना.

पिटकी म्हणाली, "यंत्रा यंत्रा, जबडा उघड.
माझं झाकण मला मिळेना."
यंत्र म्हणालं, "चाक फिरेल, तर मी उघडेन."

पिटकी गेली चाकाकडे. लुटूलुटू लुटूलुटू.
"चाका चाका, फिर.
यंत्र जबडा उघडेना,
माझं झाकण मला मिळेना."
चाक म्हणालं, "पट्टा ओढेल, तर मी फिरेन."

बघा, म्हणजे याचंही तेच. पिटकी गेली पट्ट्याकडे. लुटूलुटू लुटूलुटू.
"पट्ट्या पट्ट्या, ओढ.
चाक फिरेना,
यंत्र जबडा उघडेना,
माझं झाकण मला मिळेना."
पट्टा म्हणाला, "मोटर घुमेल, तर मी ओढेन."

पिटकीच्या मिशा थरथरल्या. पण करते काय? अडला हरी. गेली मोटरकडे. लुटूलुटू लुटूलुटू.
"मोटरबाई मोटरबाई, घुम.
पट्टा ओढेना,
चाक फिरेना,
यंत्र जबडा उघडेना,
माझं झाकण मला मिळेना."
मोटर म्हणाली, "केरबाकाका बटण दाबतील, तर मी घुमेन."

यंत्र चालवणारे केरबाकाका होते कुठे? पोत्यावर आडवे. घुर्र फुस्स. घुर्र फुस्स. पिटकीने कानात हाक मारली. काकांनी कूस बदलली. घुर्र फुस्स.

पिटकीला असा राग आला, असा राग आला, की विचारू नका. तणतणत गेली हौसाकाकूंकडे. लुटूलुटू लुटूलुटू.
"काकू काकू, काकांना उठवा.
काका उठेनात,
मोटर घुमेना,
पट्टा ओढेना,
चाक फिरेना,
यंत्र जबडा उघडेना,
माझं झाकण मला मिळेना."
काकू म्हणाल्या, "मी नाही बाई उठवणार. उठवलं की दिवसभर कुरकुर करतात. यंत्र ठप्प वाजलं, की उठतात आपोआप."

झाली का पंचाईत? यंत्र वाजेल, तर काका उठणार. काका उठतील, तर यंत्र वाजणार. पिटकी मटकन खालीच बसली. तिला रडू आलं. मग रडण्याचाही राग आला.

खिडकीखाली कोपऱ्यात होता पत्र्याचा रिकामा डबा. पिटकी चढली खिडकीत. डोळे मिटले. डब्यावर अंग टाकून दिलं.
ठप्प!

केरबाकाका ताडकन उठले. "अरेच्चा, यंत्र आपोआप सुरू झालं," म्हणाले आणि बंद करायला धावत जाऊन बटण दाबलं.
काकांनी दाबलं बटण,
मोटर घुमली, घूं घूं,
पट्ट्याने ओढलं, सर्र सर्र,
चाक फिरलं, गर गर,
यंत्राने जबडा उघडला, आऽऽऽ.

पण उघडलेला जबडा मिटणारच. आणि मिटला तर निळ्या घोड्याचा चपटा पापड.
पिटकीने मारली उडी. झाकण धरलं दातात. मारली मागे उडी.
ठप्प! जबडा मिटला.
शेपूट वाचलं. पिटकी वाचली. झाकण वाचलं.

यंत्र म्हणालं, मीच दिलं बरं का. चाक म्हणालं, मीच. पट्टा म्हणाला, मीच. मोटर म्हणाली, मीच. काका म्हणाले, माझ्यावाचून इथलं पान हलत नाही. काकू नुसत्या हसल्या.

पिटकीला कितीतरी बोलायचं होतं. एकेकाला धरून सुनावायचं होतं. पण बोलणार कशी? तोंडात झाकण. ते काही ती सोडेना.
गेली तशीच बिळात. झाकण नीट ठेवलं. दोनदा पुसलं.
आणि मग जी बोलायला लागली, ती अजून बोलतेच आहे.
चिक चिक चिक चिक चिक.