माड आणि विरजण

कुडाळच्या रावसाहेब तेंडोलकरांनी जन्मभर कचेरीत हुकूम सोडले होते, त्यामुळे झाडांनीही आपलं ऐकावं असं त्यांना वाटे. नव्या घरापुढे त्यांनी हौसेनं माडाचं रोप लावलं आणि रोज सकाळी ते दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवू लागले. मुळं धरली का बघायला म्हणे! कोवळी मुळं तुटायची, रोप सुकायचं. अशी दोन रोपं गेली. त्यांची बायको वत्सलाबाई "हलवू नका" म्हणून सांगून सांगून थकल्या, तर हे महाशय उलट गावभर सांगत सुटले, "हिच्या हाताला गुणच नाही. ही पाणी घालते आणि झाड मरतं!"

तिसऱ्या रोपाच्या वेळी पाहुण्यांसमोर पुन्हा तेच ऐकल्यावर बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी दुधाला विरजण लावून पातेलं पडवीत रावसाहेबांच्या पुढ्यातच ठेवलं. मग जरा वेळानं यायचं, पातेलं उचलून जोरजोरात हलवायचं आणि निघून जायचं, असा सपाटा लावला.

रावसाहेबांना दह्याशिवाय जेवण जात नसे. शेवटी ते ओरडले, "अगं, हे काय चालवलंयस?"

"दही लागलं का बघते."

"सारखं हलवल्यावर लागेल कसं? एका जागी राहू दे, हात लावू नकोस!"

"अहो, मग हाच हुकूम उद्या सकाळी माडाजवळ उभं राहून स्वतःला सोडा!"

पाहुणे हसू दाबत राहिले. दुसऱ्या सकाळी रावसाहेब माडाजवळ गेले खरे, पण दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.