कस्तुराक्काचं बिऱ्हाड

कुऱ्हाड नुकतीच जन्माला आली होती, तेव्हाची ही गोष्ट. दाट रानाच्या पोटात कस्तुराक्का नावाची पक्षीण राहायची. गर्द सावलीतल्या ओल्या पाचोळ्यात किडे मिळत, त्यांवरच तिची पिल्लं वाढत. पण दरवर्षी रानाचा काठ तुटे, ऊन आत शिरे, पाचोळा वाळे आणि उन्हामागून आलेला कावळा अंडी खाऊन जाई. मग आक्का बिऱ्हाड उचलून आणखी आत जाई.

काठावरचा बुलबुल म्हणे, "आक्का, किती पळाल? इथं करवंदं आहेत, ऊन आहे. राहा की इथंच!"

"तुला ऊन मानवतं रे बाबा," ती दमून म्हणे. "माझी पिल्लं उपाशी मरतील. रान मोठं आहे, मी जाते आत."

अशी सात बिऱ्हाडं झाली. आठव्या वर्षी ती पंख ओढत निघाली आणि थकून एका फांदीवर टेकली. समोर लख्ख ऊन होतं. करवंदीच्या जाळीतून एका अनोळखी बुलबुलानं मान वर काढली.

"या आक्का," तो अगत्यानं म्हणाला. "आतून आलात वाटतं? केवढं आहे हो रान आत?"

कस्तुराक्कानं मागं वळून पाहिलं. ज्या झाडावरून ती सकाळी निघाली होती, ते तिथून दिसत होतं.