सुपडूचा साचा

तापीकाठच्या जुन्या कापडगिरणीत आता घरं झालीत, वरच्या मजल्यावर कचेऱ्या. तिथली माणसंही दिवसभर खडखडच करतात, पण कापड निघत नाही. खालच्या वाटेवर दोन घरांच्या मधे चार हात जागा मोकळी सोडलीय. तिथं एक स्टूल, आणि स्टुलावर कुणीतरी बसलेलंच. घर बघायला आलेल्यांनी दमलं तरी तिथं टेकू नये. त्याची गोष्ट अशी सांगतात.

गिरणीत रिवाज होता. कामगार पाण्याला गेला की शेजाऱ्यानं त्याचा साचा, म्हणजे माग, सांभाळायचा. तो येईस्तोवर हलायचं नाही. एके दुपारी सुपडू शेजारच्या साच्यावरच्या झिपरूला म्हणाला, "झिपऱ्या, बघ रे जरा. पाणी पिऊन आलो." त्याच दुपारी गिरणीला टाळं लागलं. सुपडू गेला तो गेलाच. झिपरू राहिला.

बायको समजावून थकली, माहेरी गेली. साचे भंगारात निघाले, सुपडूचाही निघाला; झिपरू रिकाम्या जागेपाशी बसून. म्हणे तीस वर्षं. गावातून भाकरी येई, आणणारा थांबत नसे. उठावंसं त्याला रोज वाटे, पण शब्द दिलेला, आणि सोडवणारा नाही. पारव्यांशी बोलावं, तर त्यांनाही पोरंबाळं.

घरं करणाऱ्या शेठनं मिशा चिकटवून एक सुपडू आणला. "आलो रे झिपरू."

झिपरूनं निरखून पाहिलं. "सुपडू शिवी घातल्याशिवाय तोंड उघडत नसे, पाव्हणं. पाणी पिऊन जा."

शेठनं हात टेकले, झिपरूची जागा सोडून भिंत वळवून घेतली.

राहायला पहिली आली हर्षाली. एकटीच, कॉम्प्युटरवर काम करणारी. नळ कोरडा. "बाबा, दार उघडंच ठेवते. बघाल जरा? पाण्याचा जार घेऊन येते."

"जा. दोन-दोन साचे चालवलेत मी."

ती गेली. पाऊण तासानं जार ओढत आली. "कुणी आलं नाही ना?"

गेलेलं माणूस परत येतं, हे झिपरू विसरूनच गेला होता. मग गुडघ्यांवर हात देऊन उठला.

"पोरी, हा साचा बघशील? पाणी पिऊन येतो."

तिथं काहीच नव्हतं. तरी ती म्हणाली, "बघते की. जा तुम्ही."

तो नदीकडं गेला. कुणी म्हणतं बुडाला, कुणी म्हणतं सुपडूला शोधून शिव्या घालतोय. हर्षाली दिवेलागणीपर्यंत बसली, मग शेजारणीला म्हणाली, "ताई, बघता जरा?"

आजही ती जागा रिकामी नसते. उठायचं तर दुसऱ्याला बसवून उठावं लागतं. म्हणून बसलेला येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत असतो, आणि लोक फोन कानाला लावून पुढं निघतात, बंद असला तरी.