मथळ्यातले गुरू

डोंगरउतारावरच्या एका गावात एकदा एक वृद्ध मधपाळ राहत होते, रामजीबाबा ढेबे त्यांचं नाव. पोळं न जाळता, माश्यांना इजा न करता, त्यांना अलगद पेटीत उतरवण्याची विद्या बाबांच्या हाती होती. निवास नावाचा एक शिकलेला तरुण त्यांचा शिष्य झाला आणि विद्येइतकाच गुरूवरही जीव टाकू लागला. ही विद्या बाबांबरोबर संपू नये, लोकांनी पोळी जाळणं थांबवावं, म्हणून त्याने खपून एक संकेतस्थळ उभं केलं. भिंतीतलं पोळं, झाडावरचं पोळं, माशी चावली तर काय करावं, अशा एकेका विषयाचं वेगळं पान.

आणि प्रत्येक पानाचा मथळा असा: ‘॥ श्री ॥ मधुविद्यामहर्षी परमपूज्य गुरुवर्य श्री. रामजीबाबा ढेबे यांच्या कृपाशीर्वादाने’, आणि मग कुठे शेवटी मूळ विषय. आपल्याकडची सवयच आहे ती. लग्नपत्रिकेत चार कुलदैवतं आणि दोन आमदार ओलांडल्याशिवाय नवरानवरी सापडत नाहीत. निवासला मात्र तो मथळा वाचून दर वेळी भरून यायचं.

एके दिवशी कळलं, खालच्या पेठेत एका धान्याच्या व्यापाऱ्याने गोदामातलं भलंमोठं पोळं जाळलं. गुरुशिष्य तिथे पोहोचले तेव्हा भिंत काळवंडली होती आणि खाली मेलेल्या माश्यांचा थर पडला होता. व्यापारी काही दुष्ट नव्हता. हमालांना माश्या चावत होत्या, आणि उपाय शोधायला त्याने आदल्या दिवशी मोबाईल धुंडाळला होता. तोच त्याने पुढे केला. पडद्यावर शोधाच्या यादीत निवासचीच पानं ओळीने उभी होती. पण मथळ्याला तिथे जागा मिळते जेमतेम ओळभर. त्यामुळे जिथे बघावं तिथे गुरूंच्या पदव्या, आणि विषयाच्या जागी नुसती टिंबं. ओशाळून व्यापारी म्हणाला की, त्याला ती कुण्या महाराजांची प्रवचनं वाटली.

परतताना निवास धुसफुसत राहिला. एखादं पान उघडून बघायला काय झालं होतं, असं तो पुन्हापुन्हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी देवळामागच्या भिंतीतलं पोळं काढायचं होतं. बाबा शिडीवर, निवास खाली, माश्यांना शांत करणारा ओल्या पाल्याचा धूर घेऊन. सांगितल्याशिवाय धूर द्यायचा नाही, असा बाबांचा दंडक होता. भिंतीतला दगड सरकवताच माश्या बिथरल्या. बाबांनी निवासकडे पाहिलं आणि संथ सुरात म्हणायला सुरुवात केली, “मधुविद्येचे निष्ठावान उपासक, गुरुसेवातत्पर, सुविद्य, चिरंजीव निवास यांना अनेक उत्तम आशीर्वाद...”

निवास चक्रावला. बाबांना आज झालंय तरी काय, हे त्याला उमगेना. माश्या त्यांच्या हातावर, मानेवर तुटून पडल्या तरी स्तवन आपलं चालूच. शेवटी न राहवून त्याने दंडक मोडला, धूर वर धरला आणि बाबांना खाली उतरवून घेतलं.

हातावर चढत चाललेली सूज पाहून त्याचे डोळे भरले. “बाबा, नुसतं ‘धूर’ म्हणायचं होतं,” तो म्हणाला.

“म्हणणारच होतो,” बाबा म्हणाले, “आधी तुझा मान राखून घेत होतो. बाळा, तो व्यापारीही असाच शिडीवर उभा होता रे. अडलेल्या माणसाला आपला मोठेपणा वाचायची उसंत नसते. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, आणि तो ज्या दारावर त्याच्याच शब्दांत लिहिलेला दिसेल, तिथे तो थांबतो. मला तो ओळखतसुद्धा नाही, मग माझं नाव कशाला शोधेल? तू प्रत्येक दारावर माझीच पाटी लावलीस आणि आत काय आहे ते झाकून टाकलंस. तुझी भक्ती खरी आहे, पण ती त्या माश्यांच्या जिवावर बेतली.”

निवास त्याच दिवशी कामाला बसला. आधी उत्साहाच्या भरात त्याने माशी, मध, पोळं, डंख असे सगळे शब्द एकाच मथळ्यात कोंबले. बाबांनी नकारार्थी मान हलवली. एका पानाने एकच गोष्ट सांगावी, आणि जी आत आहे तीच सांगावी, असं त्यांचं म्हणणं. मग मथळा झाला: ‘भिंतीतलं मधमाश्यांचं पोळं न जाळता कसं काढावं’. दुसऱ्या पानाचा वेगळा, तिसऱ्याचा आणखी वेगळा. गुरूंचं नाव अगदी शेवटी, तेही जागा उरली तर. पदव्या खोडताना त्याला फार जड गेलं.

काही आठवड्यांनी घाटापलीकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका मोबाईल हातात घेऊन धापा टाकत अंगणात आल्या. शाळेच्या भिंतीत पोळं होतं आणि गावकरी संध्याकाळी ते पेटवणार होते. न जाळता पोळं काढून देतात ते इथेच का, असं त्यांनी विचारलं. निवासने मोठ्या हौसेने विचारलं, रामजीबाबांचं नाव ऐकून आलात ना?

“कोण रामजीबाबा?” बाई म्हणाल्या.

निवासच्या काळजात कळ उठली. त्याने वळून पाहिलं. बाबा केव्हाच उठून मधपेटी खांद्यावर घेत होते, आणि इतक्या खुशीत त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“पोळं अजून शाबूत आहे ना, बाई?” त्यांनी विचारलं.

“आहे,” बाई म्हणाल्या.

मग निवासलाही आणखी काही ऐकायचं उरलं नाही.