गुंजभर लोखंडाची चोरी

दिवाळीपासून महाराजांनी अंघोळ केली नव्हती, आणि आता शिमगा तोंडावर आला होता!

याला कारण होतं लाकूडकापं. राजा चंडसेनानं हे यंत्र मोठ्या हौसेनं बांधून घेतलं होतं. हत्तीनं चाक फिरवायचं, इकडून ओंडका आत सारायचा, की चाकावरची दोन पाती त्याच्या बारीक ढलप्या करून तिकडून उडवणार! राजवाड्यातला बंब त्या ढलप्यांवरच पेटायचा. "कुऱ्हाडीनं फोडलेल्या लाकडावरचं पाणी आम्ही अंगाला लावणार नाही!" असा महाराजांचा हट्ट. पण पाती इतकी बोथट झाली होती, की ओंडका आत जायचा आणि नुसता चघळून बाहेर यायचा. दरबारी मंडळी नाकाशी अत्तराचे फाये धरून मुजरा करत होती.

धार लावायला माणूस नव्हता असं नाही. सटवाजी शिकलगार आला होता. त्यानं फिरत्या दगडावर पातं धरलं, ठिणग्या उडाल्या, आणि प्रधानजी किंचाळले, "अहो, सरकारी लोखंड जाळतोय हा!" पातं तोललं, तर खरंच गुंजभर कमी भरलं. झालं! सटवाजी तुरुंगात! लोखंड परत दे, मगच सुटशील, म्हणे. बिचारा देणार कुठून?

अखेर सटवाजीची लेक येसू दरबारात उभी राहिली. बापाला सोडवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"महाराज, मी लावते धार. पर माझ्या बापाला सोडा!"

"लाव की! पण पातं गुंजभरसुद्धा घटता कामा नये. घटलं, तर बापाशेजारची कोठडी तुझी!"

घासलं की लोखंड झिजणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नाही ते फक्त सिंहासनावर बसल्यावर. येसूनं महाराजांना डोक्यापासून टाचांपर्यंत नीट न्याहाळलं, आणि पदर खोचला.

"कबूल! पर आमच्या धंद्याची रीत हाय. पात्यासंगं पात्याच्या मालकाचंबी वजन करायचं. आधी एकदा, मागनं एकदा."

महाराजांना स्वतःची तुला करून घ्यायला भारी आवडायचं. ते टुणकन पारड्यात बसले. दुसऱ्या पारड्यात धोंडे रचून काटा जुळवला, आणि ते धोंडे तसेच राखून ठेवले. पातीही तोलून झाली.

मग येसू कामाला लागली. दगड गरगरला, ठिणग्यांची बरसात झाली. एक पातं जास्त झिजलं तर चाक हेलकावे खातं, म्हणून तिनं दोन्ही पाती सारखी घासली. हत्तीनं चाक फिरवलं, ओंडका आत गेला, आणि ढलप्या अशा उडाल्या की एक प्रधानजींच्या पगडीत रुतून बसली. बंब धडाडून पेटला. महाराजांना कुठला धीर!

"वजन मागाहून! आधी अंघोळ!"

आणि महाराज न्हाले! हंड्यांमागून हंडे रिते झाले. दोन सेवकांनी वज्रीनं टाचा घासल्या, पाठ घासली, कोपरं घासली. मोरी तुंबली. महाराज गुलाबी होऊन बाहेर आले.

पाती पुन्हा तराजूत चढली. भरली गुंजभर कमी!

"चोर सापडली!" प्रधानजी नाचायलाच लागले. "घाला कोठडीत!"

"थांबा की! मालकाचं वजन ऱ्हायलंय."

महाराज पारड्यात बसले, आणि पारडं झोकांडी खाऊन वर गेलं. चांगले दोन धोंडे काढले, तेव्हा कुठं काटा जुळला! येसूनं गळा काढला, "अगं बया! महाराज कमी भरले! धरा त्या वज्रीवाल्यांना! महाराजांची चोरी झाली!"

सेवकांनी हातातल्या वज्र्या झटकन पाठीमागं लपवल्या.

"प्रधानजी, मोरीकडं पळा! थोडं महाराज तिकडं वाहून गेल्यात. आता मुजरा कुणाला करायचा? ह्या महाराजांना, का मोरीतल्या?"

प्रधानजी खरोखरच पेचात पडले. त्यांनी एक मुजरा तराजूकडं केला, आणि उगाच जोखीम नको म्हणून एक मोरीला केला!

"अरे मूर्खा!" महाराज कडाडले. "मोरीत गेला तो मळ! आम्ही इथं अख्खे बसलोय! पहिल्यापेक्षा लख्ख!"

"मग महाराज, पात्याचं तरी काय येगळं झालं? दगडावर ऱ्हायला त्यो बोथटपणा! पातं हितं अख्खं हाय, पहिल्यापेक्षा लख्ख! मळ काढणारा चोर न्हाई, तर बोथटपणा काढणारा माझा बाप चोर कसा?"

महाराजांनी स्वतःची टाच पाहिली, पात्याची धार पाहिली, मोरीपाशी अजून वाकून उभे असलेले प्रधानजी पाहिले, आणि असे गदगदून हसले की तराजूची साखळीच तुटली. धप्पकन खाली आपटले, तरी हसतच होते!

"सोडा सटवाजीला! आत्ताच्या आत्ता!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या ओंजळीत टाकलं. "आणि पोरी, आजपासून राज्यातल्या साऱ्या पात्यांची धार तुमच्या घराकडं. दगड फिरवायला एखादा माणूस लागेल ना?"

"लागंल की महाराज. बिनकामाचा असला तरी चालंल."

"मग हा घेऊन जा!" असं म्हणून महाराजांनी प्रधानजींकडं बोट दाखवलं, आणि पुन्हा हसायला लागले.