पहिल्या घाण्याचे तेल

एकदा एक शिष्य गुरूंकडे आशीर्वाद मागायला आला. सल्ला त्याला नकोच होता, कारण निर्णय होऊन चुकला होता. अशी माणसे गुरूंकडे बरीच येतात.

वडिलांमागे तो आणि त्याचा थोरला भाऊ तेलाचा घाणा सामाईक चालवीत असत. धाकट्याला त्या व्यवहाराचा उबग आला होता. तो म्हणाला, "गुरुजी, आम्ही वाटणी करतोय. घाणा दादाला आणि मागची मोकळी जागा मला. तिथे मी गोरगरिबांसाठी दवाखाना काढणार. आज मधली भिंत घालायला गवंडी येताहेत. दादाने खुशाल तेल विकावं. मला देशाची सेवा करायची आहे."

"दादा काय म्हणतो?"

"काय म्हणणार? व्यापारी माणूस. गप्प बसला."

गुरू उठले. "चल, जरा फिरून येऊ."

डोक्यावर ऊन रणरणत होते. भर दुपारी ओसाड जागी जाऊ नये, असे जुनी माणसे सांगत. गुरूंनी नेमकी तीच वेळ धरली. माळ ओलांडून ते एका उजाड गावात शिरले. चिटपाखरू नव्हते, तरी घाण्याची करकर स्पष्ट ऐकू येत होती.

मोडक्या दारातून शिष्याने आत डोकावले. एक व्यापारी स्वतःच्या खांद्यावर जू घेऊन घाण्याभोवती फिरत होता. बैलाला बांधतात तशी झापडे त्याने डोळ्यांना बांधली होती. भांडे भरून तेल उंबऱ्यापर्यंत वाहत आले होते, पण तिथली माती कोरडी ठणठणीत होती. "घ्या हो, कुणीतरी घ्या," तो पुटपुटत होता. तो चालत होता, आणि मागे पाऊल उमटत नव्हते.

घाण्याला लागून एक उंच दगडी भिंत होती. तिच्या पलीकडे लांबलचक ओसरीत पंगत बसलेली होती. बायका, माणसे, म्हातारेकोतारे मांडीवर हात ठेवून निमूट बसले होते. समोर पत्रावळी होत्या, स्वच्छ आणि रिकाम्या. एक वाढपी रिकामे भांडे घेऊन प्रत्येकापुढे वाकत होता, काहीच वाढत नव्हता आणि अगत्याने म्हणत होता, "सावकाश होऊ द्या. सावकाश होऊ द्या."

त्याने मान वर केली. चेहरा हुबेहूब त्या व्यापाऱ्याचा होता.

पंगतीच्या शेवटी एक पान मोकळे होते. त्यावर नुकतेच पाणी शिंपडलेले दिसत होते. "या," वाढपी शिष्याला म्हणाला, "तुमचंच पान आहे." शिष्याचे गुडघे आपोआप वाकू लागले. गुरूंनी त्याचा दंड घट्ट धरला नसता तर तो बसलाच असता.

मग गुरूंनी एक चमत्कारिक गोष्ट केली. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी तिच्यातला एक दगड ओढून काढला. त्या भोकातून ताज्या तेलाचा वास आला. साऱ्या पंगतीने एकदम तिकडे माना वळवल्या. पलीकडची करकर थांबली, आणि भिंतीआडून थकलेला आवाज आला, "जेवलास का रे?"

वाढप्याचे ओठ हलले, पण उत्तर देण्याआधीच दगड आपोआप पुन्हा जागच्या जागी बसलेला होता. करकर सुरू झाली.

गावाबाहेर आल्यावर शिष्याने विचारले, "कोण ही माणसं?"

"सख्खे भाऊ," गुरू म्हणाले. "एकाचा घाणा, दुसऱ्याचं अन्नछत्र. या गावाचा रिवाज होता, रोजच्या पहिल्या घाण्याचं तेल विकायचं नाही, ते अन्नछत्राला द्यायचं. तिथे जेवून अंगात बळ आलेली माणसं मग घाण्यावर कामाला यायची. पुढे एकाला वाटलं, मी कमावतो आणि हा उधळतो. दुसऱ्याला वाटलं, मी पुण्यवान आणि हा लोभी. भिंत घातली. अन्नछत्रात द्यायला काही उरलं नाही, घाण्यावर घ्यायला कुणी उरलं नाही. बाबा रे, धंद्याने देशाच्या अंगात बळ येतं. ते शेवटच्या माणसापर्यंत नेणारा कुणीतरी लागतो. आणि तो माणूस उभा राहिला, की त्याच्या हाताला काम द्यायला पुन्हा धंदाच लागतो."

"मग ती पंगत अजून उठत का नाही?"

"शेवटच्याचं होईपर्यंत उठायचं नसतं, विसरलास? शेवटचा भिंतीपलीकडे आहे."

"आपण ती भिंत पाडू या, गुरुजी!"

"दरवर्षी येऊन एक दगड काढतो मी. मेलेल्यांची भिंत पडत नाही रे."

शिष्य आशीर्वाद मागायचा विसरला आणि घराकडे धावत सुटला.

अंगणात गवंड्यांनी भिंतीचा पहिला थर लावला होता. पलीकडे थोरला भाऊ कंबरेवर हात ठेवून उभा होता. धाकट्याने थरातला एक दगड उपसला आणि हातात धरून तो तसाच उभा राहिला. दगड आपोआप पुन्हा जागी जाऊन बसेल की काय, अशी त्याला खरोखरच भीती वाटत होती. दगड हातातच राहिला.

"दादा," तो धापा टाकीत म्हणाला, "पहिल्या घाण्याचं तेल दवाखान्याला देशील?"

थोरला म्हणाला, "मी कधी नाही म्हटलं? तू विचारलंसच नाहीस. सरळ भिंतच घातलीस." मग जवळ येत तो म्हणाला, "जेवलास का रे?"

"नाही. तू?"

"तुझ्याशिवाय कधी जेवलोय?"

गवंड्यांनाही त्या दिवशी पान वाढले गेले. दगड मात्र वाया गेले नाहीत. दवाखान्याच्या पायऱ्यांना लागले.

आपण कमावणारे असू किंवा वाटणारे, पानावरून उठण्याआधी पलीकडचा जेवला का, एवढे विचारावे.